मदत हवी आहे: उच्च न्यायालयाच्या निकालामुळे वडिलोपार्जित जमिनीतील माझा हक्क संपला का?

इंद्रायणीकाठ: आमच्या जमिनीतून राष्ट्रीय महामार्ग जात असून मोबदल्याच्या नोटिसा केवळ माझ्या दोन भावांच्या नावे आल्या आहेत. मी वाटा मागितला, तेव्हा थोरल्या दादाने ‘वडिलांच्या मालमत्तेत मुलीला हक्क नाही’ अशा मथळ्याची, मुंबई उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ मधील निकालाची बातमी मला पाठवली. हे खरे आहे का? पैसे वाटले जाण्यापूर्वी मला काय करता येईल? ‘वकील गाठा’ एवढेच कृपया सांगू नये.

भाऊसाहेब: वडील कधी वारले, जमीन पूर्वजांची की त्यांनी स्वतः घेतलेली, आणि आपण कुठे सही केली आहे का? हे कळल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे पंचांग न पाहता मुहूर्त काढणे होय.

वकिलीणबाई: दादांनी मथळ्याखालचा मजकूर वाचलेला दिसत नाही. त्या प्रकरणातील वडील १९५२ मध्ये, म्हणजे १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा येण्यापूर्वी, निवर्तले होते आणि प्रश्न त्या काळच्या वारसाहक्काचा होता.

इंद्रायणीकाठ: वडील १९९८ मध्ये गेले, आई २०११ मध्ये. जमीन पणजोबांपासूनची आहे. माझे लग्न १९९१ मध्ये झाले.

जुनाजाणता: मग विषय संपला. त्या कायद्यातली महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ ची असून त्याआधी लग्न झालेल्या मुलींना तीत सहदायिकीचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मिळणारा, हक्क दिलेला नाही. आमच्या धाकट्या बहिणीने तर आनंदाने हक्क सोडला. माहेर टिकवायचे असेल तर हाच मार्ग आहे.

वकिलीणबाई: माहेर कसे टिकवावे, हे त्यांनी विचारलेले नाही. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अट नाही. विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की, मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यामुळे ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असण्याची गरज नाही. वडील हयात असण्याची अट घालणारा त्याआधीचा २०१५ चा फुलवती निकाल तिथेच रद्दबातल ठरला.

जुनाजाणता: आणि आधीच तोंडी वाटप झाले असेल तर? गावात वाटपे अशीच होतात.

वकिलीणबाई: मुलीच्या हक्काआड यायचे तर वाटप २० डिसेंबर २००४ पूर्वीचे आणि नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेले असावे लागते. तोंडी वाटप केवळ अपवाद म्हणून आणि सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच ग्राह्य धरले जाते.

सोसायटीसचिव: फ्लॅटचे नामनिर्देशन मात्र सर्वांनी अवश्य करावे, अर्थात नामनिर्देशित व्यक्ती मालक ठरत नाही.

इंद्रायणीकाठ: फ्लॅटचा प्रश्नच नाही. एक सांगायचे राहिले: १९९९ मध्ये वारस नोंदीसाठी म्हणून तलाठ्यांपुढे माझी सही घेतली होती. कागद मी वाचला नव्हता.

भाऊसाहेब: हेच मी पहिल्याच प्रतिसादात विचारले होते! त्या फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदलाची, नक्कल आजच काढा. आमच्या काळी बहिणींची नावे सर्रास सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली जात किंवा साध्या अर्जावर कमी केली जात. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेले असावे लागते. फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकी जात नाही. भूसंपादनाच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे आत्ताच लेखी हरकत देऊन पोच घ्या. मोबदला कोणाला द्यायचा, हा वाद उभा राहिला तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३ एच (४) नुसार त्यांना तो दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो.

वकिलीणबाई: त्याबरोबरच वाटपाचा दावा आणि मनाईचा अर्ज करा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळल्याचे कळल्यापासून बारा वर्षांची मुदत धरली जाते आणि भाऊ १९९९ चा कागद पुढे करणारच, म्हणून दिरंगाई नको. खर्चाची अडचण असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

इंद्रायणीकाठ: फेरफाराची नक्कल मिळाली. ‘हक्कसोड अर्जावरून नाव कमी केले’ एवढेच लिहिले आहे, दस्ताचा क्रमांक नाही. सोमवारी हरकत दाखल करते. दादाचा दोनदा फोन येऊन गेला. अजून उचललेला नाही.