टेक्सासमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायची आहेत, लेबलसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. टेक्सासमध्ये कुणी पेट फूडचा छोटा व्यवसाय करतं का? बायको कुत्र्यांसाठी भोपळ्याची आणि पीनट बटरची बिस्किटं करते. (पीनट बटरमध्ये झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरतात तो गोडवा, नाही ना, हे ती दर वेळी डबा फिरवून बघते, कुत्र्यांना ते विषारी असतं.) आता ती रीतसर विकायची आहेत.

माणसांसाठीचा कॉटेज फूडचा कायदा (घरी केलेले पदार्थ विकायची मुभा देणारा) इथे चालत नाही. कुत्र्याचं बिस्किटही जनावरांच्या खाद्यातच मोडतं आणि ते टेक्सास स्टेट केमिस्टच्या ऑफिसकडे (जनावरांच्या खाद्यावर देखरेख ठेवणारं राज्याचं कार्यालय) येतं. मला हे योग्यच वाटतं, कारण मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही.

अडलंय ते लेबलवर. प्रथिनं आणि फॅट किमान किती, फायबर आणि ओलावा जास्तीत जास्त किती, हे टक्क्यांत छापावं लागतं. त्यासाठी तुम्ही कोणत्या लॅबमध्ये नमुने दिलेत? साधारण खर्च किती आला? भोपळा कधी जास्त पाणचट निघतो, मग ओलाव्याचा आकडा ठरवताना किती मोकळीक ठेवलीत? आणि 'विथ पीनट बटर' लिहायचं तर ते किमान ३% हवं, ते वजन तुम्ही भाजण्याआधीचं धरता की नंतरचं?

ज्यांचं लेबल तपासून झालंय त्यांनी कृपया अनुभव सांगा. कॅलरी कशा काढल्यात हेही कळलं तर फार बरं होईल.