सोर्सवरून फ्रीबीएसडी १४ बसवल्यानंतर जुन्या लायब्ररी लगेच काढाव्यात का?

प्रश्न:
फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १३ वरून १४ या आवृत्तीवर मी सोर्स कोड कम्पाइल करून आलो. इन्स्टॉलकर्नल (नवा कर्नल बसवणे), रीबूट, इन्स्टॉलवर्ल्ड (बाकीची मूळ सिस्टिम बसवणे) आणि ईटीसीअपडेट (सेटिंगच्या फायली जुळवणे) हे टप्पे सुरळीत पार पडले. नंतर जुन्या झालेल्या फायली दाखवणारे ‘मेक चेक-ओल्ड’ चालवले, तेव्हा आलेल्या लांबलचक यादीत ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो या लायब्ररींच्या ‘एसओ.१११’ प्रतीही दिसल्या. ही यादी कशावरून ठरते, आणि तिच्यातील सर्व काही एकदम काढून टाकले तर चालेल का?

उत्तर १:
एकदम काढू नका. इन्स्टॉलवर्ल्ड नव्या फायली बसवते, पण नव्या आवृत्तीतून वगळलेल्या फायलींना हात लावत नाही. त्यांची नोंद विकसक सोर्समधील ‘ऑब्सोलीटफाइल्स’ या फायलीत तारीखवार करतात, आणि तिथे लायब्ररी वेगळ्या नोंदवलेल्या असल्यामुळेच आज्ञाही दोन आहेत. लायब्ररी सोडून बाकीच्या जुन्या फायली काढणारे ‘मेक डिलीट-ओल्ड’ आत्ता चालवायला हरकत नाही. जुन्या लायब्ररी काढणारे ‘मेक डिलीट-ओल्ड-लिब्स’ मात्र थांबवून ठेवा, कारण १३ मधील ओपनएसएसएल १.१.१ ची जागा १४ मध्ये ३.० ने घेतली असली, तरी तुमची आधीची पॅकेजेस अजून १११ क्रमांकाच्या लायब्ररीशीच जोडलेली आहेत. ती काढली की हे प्रोग्राम सुरूच होणार नाहीत. आधी पीकेजी या पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाच्या ‘पीकेजी अपग्रेड’ला ‘-एफ’ जोडून सर्व पॅकेजेस नव्याने बसवा आणि मगच लायब्ररी काढा. घाई झालीच असेल आणि खुद्द पीकेजी बंद पडले असेल, तर ‘पीकेजी-स्टॅटिक’ कामी येते, कारण ते या लायब्ररींवर अवलंबून नसते.

उत्तर २:
वरील क्रम योग्य आहे. एक भर घालतो: एसआरसी.कॉन्फ या बिल्डचे पर्याय ठरवणाऱ्या फायलीत ‘विदाउट’ने एखादा घटक बंद केला असेल, तर त्याच्या फायलीही याच यादीत येतात. त्या अजून वापरात आहेत आणि त्या पर्यायाचा तुम्हाला विसर पडला आहे, असे सहज होऊ शकते. म्हणून प्रत्येक फायलीला होकार देण्याचा कंटाळा आला, तरी न विचारता सर्व काढणारा ‘बॅच_डिलीट_ओल्ड_फाइल्स’ हा पर्याय यादी पूर्ण वाचल्यावरच वापरावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पॅकेजेस नव्याने बसवल्यावर मी स्वतः कम्पाइल केलेले प्रोग्राम ‘एलडीडी’ने (प्रोग्राम कोणत्या लायब्ररी मागतो ते दाखवणारी आज्ञा) तपासले, तेव्हा एक प्रोग्राम अजूनही १११ मागत होता. पीकेजीला त्याची माहितीच नसल्याने तो तसाच राहिला होता. तो पुन्हा कम्पाइल केला आणि मगच लायब्ररी काढल्या.