ब्रीडरकडून सोडवलेली लॅब उंबरा ओलांडत नाही, मदत हवी आहे
महिन्यापूर्वी लॅब्रॅडॉर मादी दत्तक घेतली. वय अंदाजे सहा, सगळं आयुष्य ब्रीडरच्या पिंजऱ्यात. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७च्या सरकारी नियमांप्रमाणे एका मादीची जन्मभरात पाचपेक्षा जास्त वेतं घेता येत नाहीत. हिची किती झाली, कोण जाणे.

आम्ही कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. घरी मी आणि आई, दुसरा प्राणी नाही. नसबंदी, लसी, गोचीडतापाची तपासणी झाली आहे, सांधेही ठीक आहेत. घरात छान रुळलीये, काल पहिल्यांदा शेपूट हलवली! पण दारापाशी आली की थरथरते, जमिनीला चिकटून बसते. शी-शू गॅलरीतच.

हार्नेस लावून पाहिला. उकडलेलं चिकन जिन्यापर्यंत ठेवलं. पहाटे पाचला सामसूम असताना दार उघडं ठेवून शेजारी बसले. एकदा दोघींनी उचलून खाली नेलं, तर दोन दिवस जेवली नाही. ते पुन्हा करणार नाही. गोळ्याही इतक्यात नकोत.

अशी कुत्री सांभाळलेल्यांनी कृपया सांगा: ती स्वतःहून निघेपर्यंत थांबावं, की शेजाऱ्यांचा शांत, म्हातारा कुत्रा सोबतीला आणला तर त्याच्या मागोमाग बाहेर पडेल?