लघवी गळतीचं ऑपरेशन: जाळीची टेप की स्वतःच्या शरीरातली पट्टी?

मदत हवी आहे, शक्यतो ज्यांचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली त्यांची.

वय 51, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. खोकला, शिंक, भरलेली बादली उचलणं, थेंब गळतातच. घाई लागत नाही. युरोडायनॅमिक तपासणीतही (मूत्राशयाचं काम मोजणारी तपासणी) दोष फक्त दाबाचाच, म्हणजे पोटावर ताण आला की गळण्याचाच निघाला. शुगर नाही. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली केगल व्यायाम (लघवी रोखणाऱ्या स्नायूंचे) नीट झाले, वजनही उतरवलं. फरक पडला, पण पॅड काही सुटलं नाही. त्यामुळे कृपया पुन्हा व्यायाम सुचवू नका!

डॉक्टर दोन पर्याय देतात. मूत्रनलिकेखाली जाळीची टेप (टीव्हीटी): चीर छोटी, घरी लवकर. पण ती कायमची आत, आणि इंग्लंडमध्ये 2018 साली तिचा वापर थांबवला होता हे वाचल्यापासून मन धजत नाही. दुसरा, पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी: बाहेरचं काही नाही, पण पोटावर टाके आणि लघवी अडकण्याचा धोका जास्त.

पहिल्या वर्षाचं सगळेच छान सांगतात. सात-दहा वर्षांनी काय? गळती परतली का, नव्याने घाई सुरू झाली का, टेप योनीत उघडी पडणं किंवा संबंधांच्या वेळी दुखणं असं कुणाला झालं का? आणि टेप काढायची वेळ आलीच, तर ती पूर्ण निघते का?