लघवीत अल्ब्युमिन ४८, क्रिएटिनिन मात्र ठीक. कुणाला दाखवू?

ठाणेकर४६:
ऑफिसच्या वार्षिक तपासणीत यंदा लघवीची एक जादा टेस्ट होती, एसीआर, म्हणजे लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातंय ते. ४८ आलाय, शेजारी लाल बाण. रात्री गुगल उघडायची चूक केली, झोप उडाली. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाचा नेहमीचा आकडा, ०.९. डायबिटीस नाही, उपाशीपोटी साखर १०८. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३६, बीपी १३८/८८. वय ४६, वजन ६९, जाड अजिबात नाही. थेट किडनीवाल्या डॉक्टरकडे जाऊ की आधी फिजिशियन?

परीक्षानळी:
लॅबमध्ये काम करते म्हणून विचारते, आदल्या दिवशी काय केलं होतंत? ताप, लघवीचं इन्फेक्शन, दणकून व्यायाम, बायकांची पाळी, कशानेही हा आकडा चढतो. एका डबीवर निदान करत नाहीत. तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने, त्यातले दोन ३० च्या वर आले तर खरं धरायचं. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून. आणि पैसे भरताना 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' असं नीट सांगा. साध्या युरिन रूटीनच्या पट्टीला इतकं थोडं अल्ब्युमिन बहुतेक वेळा दिसतच नाही. रिपोर्टवर 'निल' छापून येतं आणि माणूस निर्धास्त घरी जातो.

ठाणेकर४६:
आदल्या दिवशी राजमाची किल्ल्याचा ट्रेक! लोणावळ्याहून चालत गेलो आणि कोंढाण्याच्या बाजूने उतरलो. हे मला कुणी विचारलंच नाही.

आंबटचुका:
अल्ब्युमिन राजमाचीने चढवलं असेलही, पण ट्रायग्लिसराइड आणि बीपी काही तिने चढवलं नाही. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोट, चरबी, बीपी, साखर हे सगळं एकत्र बिघडणं. त्याचे निकष पाच: पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली (बायकांत ५०), बीपी १३०/८५ पासून पुढे, उपाशीपोटी साखर १०० पासून पुढे. पाचातले तीन पुरतात. तुमचे चार इथेच झाले, घेर तर तुम्ही सांगितलाच नाही. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही हद्द.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९८ च्या व्याख्येत लघवीतलं अल्ब्युमिन हाही एक निकष होता. २००१ च्या अमेरिकन निकषांत तो गळला. गळला तरी नातं तुटलेलं नाही. किडनीची गाळणी म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंताच. तिथून अल्ब्युमिन झिरपायला लागलं, तर बाकीच्या रक्तवाहिन्यांचं अस्तरही बिघडलं असण्याचा संभव असतो. म्हणून हा आकडा हृदयासाठीही बघायचा.

'जाड नाही'बद्दल एक. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला फोटो शोधून बघा. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३. अंगातली चरबी युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आणि डायबिटीस नसलेल्यांतही लघवीतलं अल्ब्युमिन हृदयविकाराची चाहूल देतं, हे १९८८ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टनमधल्या पाहणीतून दाखवणाऱ्यांत हेच युडकिन होते!

बिनसाखर:
माझा ११० होता. आधी फिजिशियनच. ३०० च्या वर गेलं, ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) घसरायला लागला किंवा लघवीत रक्त दिसलं, की मग नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीवाले डॉक्टर. मला टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी दिली, कारण त्या जातीची औषधं बीपीबरोबर अल्ब्युमिनही उतरवतात. दोन आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन तपासायला लावलं, ते टाळू नका. वर्षाने ४२ आला. ट्रेकनंतर गुडघ्यासाठी पेनकिलर घेत असाल तर ते डॉक्टरांना सांगा. मी लपवलं होतं, मग चांगली बोलणी खाल्ली.

बंडूनाना:
पुनर्नव्याचा काढा घ्या, किडनी लख्ख.

परीक्षानळी:
नाना, किडनी म्हणजे पितळेचं भांडं नाही. टेल्मिसार्टन चालू असताना डॉक्टरांना न विचारता काढा घेऊ नये.

ठाणेकर४६ (दोन महिन्यांनी):
दुसरा नमुना ट्रेक न करता दिला, ४१. म्हणजे राजमाची निर्दोष. शिलाई मशीनच्या खणातला टेप काढून शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावला. ९७! पॅन्ट चौतीसचीच आहे हो, पण मी ती पोटाखाली बांधतो. फिजिशियननी टेल्मिसार्टन चालू केलंय, रोज पाऊण तास चालणं आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. तिसरा नमुना दिवाळीनंतर. पापड-लोणचं घरातून गेलंय, त्यावर माझ्यापेक्षा बाबाच जास्त चिडलेत.