पावसाळ्यात पहिल्या दिवसापासून पाणी नको

इन्क्युबेटरमध्ये (अंडी उबवायच्या डब्यात) ठेवलेल्या कोंबडीच्या बारा अंड्यांतली तीनच पिल्लं निघाली, बाकीची पूर्ण वाढून कवचातच मेली, आणि आत पाणी पहिल्या दिवसापासून ठेवलं होतं असं तुम्ही लिहिलंय. बहुधा तिथेच घोळ झाला. पहिले १८ दिवस ५० टक्के आर्द्रता पुरते. आमच्या डिचोलीत जुलैत बरणीतलं मीठसुद्धा पाझरतं, तिथे आणखी पाणी कशाला? अंड्यातलं पाणी पुरेसं उडालं नाही की जाड टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते आणि फुटायच्या वेळी पिल्लू गुदमरतं. सातव्या आणि चौदाव्या रात्री दिवा घालवून टॉर्च लावून बघा, पोकळी वाढत गेलेली दिसली पाहिजे. १८ दिवसांनंतर मात्र आर्द्रता ६५-७० टक्के हवी, अंडी फिरवणं बंद आणि झाकण उघडायचं नाही. (आमच्या सासूबाई तरी दर तासाला उघडून बघायच्या. शेवटी वर टेप मारली.)

नवा इन्क्युबेटर घेणार असाल तर पंख्याचाच घ्या, ३७.५ अंशांवर ठेवा. पण डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. माझा जवळजवळ एक अंश जास्त दाखवायचा, ताप मोजायचा थर्मामीटर आत ठेवला तेव्हा कळलं. लाईट गेली तर वरून गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा.

आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गावठी अंडी उबवायला नकोत. खायला उत्तम, पण ती किती दिवसांची आणि घरात कोंबडा होता की नाही, कोण सांगणार? आठवड्याच्या आतली, ओळखीच्या घरची घ्या.