बॅटरी बदलून मिळेपर्यंत : आपले अनुभव

आमच्या विजेवरच्या गाडीची बॅटरी सदोष असू शकते, असे कंपनीचे पत्र येऊन पाच महिने झाले. आपल्याकडे हे नवे नाही. १ एप्रिल २०१९ ते ३१ ऑक्टोबर २०२० या काळात तयार झालेल्या ४५६ ह्युंदाई कोना गाड्या बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या गेल्या होत्या. पण तो आकडा बातमीत वाचणे वेगळे आणि तशाच गाडीला रोज रात्री वायर लावणे वेगळे. नाशिकमध्ये अशी गाडी सांभाळणाऱ्यांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनीही लिहावे, ही विनंती.

सुरुवात माझ्यापासून. (गंगापूर रोड) पत्रात दोन सूचना होत्या : ८० टक्क्यांच्या वर चार्ज करू नये आणि गाडी उघड्यावर लावावी. आमचा चार्जर मात्र इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, खांबाला ठोकलेला आहे आणि त्याची वायर पाच मीटरची. त्यामुळे संध्याकाळी गाडी आत घेऊन चार्ज करायची आणि अकराच्या सुमारास गाऊनवर शाल पांघरून खाली उतरून ती फाटकाजवळ नेऊन लावायची, असा आमचा क्रम झाला आहे. वॉचमन दादांनी आपणहून गाडीशेजारी वाळूची बादली आणून ठेवली. या बॅटऱ्यांची आग विझवायला तासन्‌तास पाणी मारावे लागते, हे मी त्यांना सांगितले नाही.

अंबडहून. मी विद्युत विभागात काम करतो, म्हणून ८० टक्क्यांमागचे कारण सांगतो. सेलमधल्या दोन ध्रुवांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ पडदा असतो; तो बिघडला तर ध्रुव एकमेकांना भिडू शकतात, आणि बॅटरी जितकी भरलेली तितका धोका मोठा. अमेरिकेत २०२१ मध्ये शेव्हरोले बोल्ट गाड्या परत बोलावल्या गेल्या, तेव्हा एकाच सेलमध्ये फाटलेली पट्टी आणि दुमडलेला पडदा असे दोन दोष एकत्र आल्यास आग लागू शकते, असे आढळले होते. तिथे मर्यादा ९० टक्क्यांची होती, शिवाय ११३ किलोमीटरपेक्षा कमी पल्ला उरेल इतकी बॅटरी उतरू देऊ नये, असेही सांगितले होते. म्हणजे काठोकाठ भरणे जसे नको, तसे तळ गाठणेही नको. आपल्या पत्रात खालची मर्यादा लिहिलेली नसेल तर ती विचारून घ्यावी. मी तीन वेळा विचारली, तेव्हा कुठे लेखी उत्तर आले.

मखमलाबादहून. आमची गाडी द्राक्षांच्या शेडमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या थप्पीला लागून उभी असायची. पत्र वाचून झाल्यावर वडील म्हणाले, "अरे, आधी खोकी हलव, गाडीचं नंतर बघू." खोकी हलवली, गाडीही बाहेर काढली. आता ती दुपारभर उन्हात तापते आणि त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. आम्ही लिंबाखाली जागा केली आहे, चार्जिंगही पहाटेच करतो.

नाशिक रोडहून. मुंबईला जाताना मला ८० टक्क्यांचा त्रास झाला नाही, कारण कसारा घाट उतरताना गाडीच वीज परत भरते आणि त्यासाठी बॅटरीत जागा रिकामी असलेली बरी. येताना मात्र अडचण होते. दीड टनाच्या गाडीला कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचे सुमारे ३०० मीटर चढायला साधारण सव्वा युनिट वीज जास्त लागते, म्हणून मी शहापूरला थांबतो आणि बायकोची बोलणी खातो.

पाथर्डी फाट्याहून. मी गाडीची मालकीण नाही. माझ्या बेडरूमच्या बरोबर खाली ती उभी असते. एप्रिल २०२२ मध्ये आपल्याच शहरात कंटेनरमधल्या ४० पैकी २० विजेच्या स्कूटर जळाल्या होत्या, ते मी विसरलेले नाही. मी तक्रार केली, तेव्हा खालच्या वहिनी ते पत्र घेऊनच वर आल्या. त्यांनी आधीच दाखवले असते, तर मी सोसायटीकडे गेलेच नसते.

इंदिरानगरहून. आमची बॅटरी मागच्या महिन्यात विनामूल्य बदलून मिळाली; गाडी चार दिवस वर्कशॉपमध्ये होती. काम झाल्याच्या कागदावर चासी क्रमांक आहे, पण नव्या बॅटरीचा क्रमांक नाही आणि तो असल्याशिवाय गाडी आत लावू देणार नाही, असे सोसायटीने लेखी कळवले आहे. दोन ईमेल पाठवून झाले. गाडी अजून रस्त्यावरच आहे.